दोन तुटक, एक लांब

युटा, ९ डिसेंबर १९९१

अपा,

चोरली, चोरली, चोरली! चायोच्या हातून लिहून घेतलेल्या तुमच्या पत्रात हा शब्द मी मोजला, सात वेळा आहे. माझ्या बहिणीच्या बोटांची तरी दया करायची होती. स्वतःच्या घरातली कुत्री पोराने बरोबर नेली तर ती चोरी कशी होते, हे मला कोणीतरी समजावून सांगा. काम्पानाची आई सिंहाने फाडली तेव्हा तिला बाटलीने शेळीचं दूध कोणी पाजलं? मी. तिच्या पंजातले निवडुंगाचे काटे दातांनी कोणी उपटले? मी. तुम्ही काय केलंत? चर्चच्या घंटेवरून नाव ठेवलंत आणि उंबऱ्यावर बसून तिचा आवाज ऐकलात.

आणि काठीबद्दल एक ओळ नाही. ती तुम्ही सांगितलीच नाहीत, की चायोने गाळली?

मग मीच लिहितो. गुरांच्या मालकाने, दॉन लिबोरियोने, आपल्या घरातल्या टेबलावर काम्पानासाठी आठशे डॉलर ठेवले होते. तेवढ्या पैशांत एर्मोसियो शहरातल्या डॉक्टरने तुमच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले असते. तुम्ही चायोला विचारलंत, "किती आहेत?" तिने सांगितलं. मग तुम्ही काठीच्या टोकाने ते पैसे ढकलत ढकलत टेबलाच्या कडेला नेलेत, खाली पाडलेत आणि म्हणालात, "दॉन लिबोरियो, तुमचं काहीतरी पडलंय बघा खाली." त्याचे गुराखी हसले. लिबोरियो स्वतः हसला. मी नाही हसलो. मी म्हणालो, "आंधळ्या माणसाला एवढा माज परवडत नाही, अपा." त्यावर तीच काठी आधी माझ्या मानेवर, मग कानावर. डाव्या कानात अजून वारा घुमतो. तिसऱ्या दिवशी मी निघालो आणि ती माझ्यामागून आली. दोरी लावली नव्हती मी तिला.

ईस्टरच्या आधी, पवित्र आठवड्यात तिला घेऊन परत येतो. धडधाकट, चारही पायांवर. लिहून देतोय, हा कागद जपून ठेवा. शिकारीचा एक हंगाम, एवढंच मागतोय. पैसे आले की आधी तुमचे डोळे करू. मग मला हवं तेवढं मारा, निदान नेम धरून माराल.

आता इथलं ऐका. मालकाचं नाव वेंडेल. साठीचा, वाळका, गालात कायम तंबाखू. शहरातली माणसं एक सिंह मारायला मिळावा म्हणून त्याला तीन-तीन हजार डॉलर देतात. तुम्हाला लिबोरियो एका सिंहामागे एक कालवड द्यायचा, तीही त्याची वासरं खाल्लेली असली तरच. इथे वासरू नाही, वैर नाही. गिऱ्हाईक विमानाने येतं, मारतं, कातडं घेऊन जातं. हे लोक त्याला कूगर म्हणतात, पण जनावर आपलंच. आयाळ नाही, गर्जना नाही, शेपूट अंगाएवढी.

वेंडेलला आपल्या स्पॅनिश भाषेतले वीस शब्द येतात, त्यातल्या बारा शिव्या. मला त्याच्या भाषेतले तेवढेच. आमचं चांगलं जमतं. काम करायची रीत मात्र अगदी तुमच्यासारखी. सिंह झाडावर चढला की आधी मी पुढे जायचं, शेपटीखाली बघायचं, काळा ठिपका आहे की नाही; असला तर नर. मग कुत्री लांब बांधायची. मग बंदूक. या क्रमात चूक चालत नाही. नराला ते मेल म्हणतात आणि मादीला फीमेल. मी त्याला म्हटलं, "दोन्हीत मेल आहे, लांबून ऐकणाऱ्याला कळायचं कसं?" तो खूप हसला. म्हणाला, "तू असं कर. नर असेल तर 'टॉम' म्हणून ओरड. मादी असेल तर 'नो' म्हणून ओरड. गाढवालाही जमेल." त्याची गिऱ्हाइकं सगळी नरच मागतात, मोठ्या डोक्याचे.

मागच्या मंगळवारचं सांगतो. बर्फ नव्हता, नुसता कोरडा खडक. वेंडेलची पाच कुत्री, गळ्यात बीप-बीप वाजणारे पट्टे, नाक लावून सरळ पुढे निघून गेली. काम्पाना थांबली. दगडाला जीभ लावली. आणि बोलली. दोन तुटक, एक लांब. वेंडेलने मला दंडाला धरून उभं केलं आणि विचारलं, "ही आत्ता काय म्हणाली?" मी म्हटलं, "म्हणाली की तुमची कुत्री बेकार आहेत."

चार तास धावलो. नर होता, भला थोरला. झाडावर चढलाच नाही, दोन खडकांच्या फटीत पाठ टेकवून उभा राहिला. वेंडेलचा रेंजर नावाचा कुत्रा आत घुसला आणि सिंहाने मागच्या पायाने एकदाच, वरपासून खालपर्यंत, पोत्याची शिवण उसवावी तसं त्याचं पोट उघडलं. आतडी बाहेर. कुत्रा तसाच भुंकत होता, स्वतःच्याच आतड्यांवर पाय देत. काम्पाना दोन हात लांब उभी राहून ओरडत होती, जवळ जात नव्हती, मागे हटत नव्हती. तुम्ही शिकवलंत तशी. गिऱ्हाइकाने तीन गोळ्या घातल्या. मग ते फोटो काढत बसले आणि मी रेंजरची आतडी माझ्या टोपीत धरून उभा, वेंडेल मासे धरायच्या दोऱ्याने टाके घालत होता. जगला नाही. गिऱ्हाईक मला म्हणालं, जरा बाजूला हो, फोटोत येतोयस.

त्या दिवशी वेंडेलने काम्पानाला स्वतःच्या हाताने सिंहाचं काळीज दिलं. तुम्ही खोटं म्हणाल, पण तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग खाल्लं.

तर चोरी नाही, अपा. तिचं नाव होतंय इथे. चायो, मिरची पाठव, आपली ती बारीक गोल. इथल्या जेवणाला चवच नाही. डब्यातलं मांस आणि कापसासारखा पाव.

तुमचा फेंचो


युटा, २० जानेवारी १९९२

अपा,

अक्षर वाकडं दिसेल. थंडी आहे. बोटं चालत नाहीत.

तुमची दोन पत्रं मिळाली. कामात होतो म्हणून लिहिलं नाही. काम्पाना बरी आहे. खाते-पिते.

एक मजा ऐका. इथे आता मला कोणी फेंचो म्हणत नाही, ओंब्रे म्हणतात. खरंच. वेंडेलचा मेहुणा लॉइड, तो गाडी चालवतो, त्याने सुरू केलं. मी दुकानात काडेपेटी घ्यायला गेलो तर आतून सगळे एकदम ओरडतात, "ओंब्रे! आला रे ओंब्रे!" आणि टेबलं बडवतात. मर्द म्हणजे मर्द, दुसरं काय. लिबोरियोला सांगा, तो मला "शेळी" म्हणायचा ना. सांगा की तिकडे गोऱ्यांच्या गावात पोराला मर्द म्हणतात.

तुम्ही लिहिलंय की रविवारी बारा वाजता चायो तुम्हाला खाली टेलिफोनच्या दुकानात घेऊन येणार आणि मी इथून फोन करून काम्पानाचा आवाज ऐकवायचा. अपा, ती कारण नसताना भुंकत नाही, हे तुम्हीच सांगायचात. आणि तारेतून आवाज बदलतो. माणसाचा बदलतो तर कुत्र्याचा बदलणारच. वेंडेल फोनचे पैसे कापून घेतो. तुमचा पाय दुखतो, दीड तासाची वाट, खेचरावर बसून यायचं, ते कशाला? पवित्र आठवड्यात ऐकालच की.

पण तुम्ही म्हणता तर करतो. दोन फेब्रुवारीला, रविवारी बारा वाजता.

फेंचो

चायो, ही चिठ्ठी वेगळी आहे, मोठ्याने वाचू नकोस. अपांना अडव. सांग की तार तुटली आहे, खेचर लंगडतंय, काहीही सांग. नाहीच ऐकलं तर फोन तू धर आणि त्यांच्या उजव्या कानाला लाव, उजव्याने त्यांना कमी ऐकू येतं ना? की डाव्याने? नीट आठव. आणि मला विचारू नकोस. तू म्हणशील की माझं अक्षर डाव्या हाताचं दिसतंय. तू तिसरीत माझ्या शेजारी बसायचीस, मला माहीत आहे की तुला ओळखता येतं. जाळून टाक हे.


युटा, १ मार्च १९९२

अपा,

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

मी इथे वेंडेलच्या स्वयंपाकघरात उभा, फोनची वायर दारापर्यंत ताणलेली. वेंडेलचा कुत्रा ड्यूक दाराशी बांधला होता. तो त्यातल्या त्यात जाड आवाजाचा. त्याच्यापुढे कच्चं मांस धरलं आणि मागे ओढलं. तो भुंकला. चांगला भुंकला. मी फोन त्याच्या तोंडाशी धरला होता आणि तरी मला तुमचा श्वास ऐकू आला, आत गेला आणि बाहेर आलाच नाही. मी ओरडलो, "ऐकलंत? ऐकलंत ना अपा?" मग ठक् असा आवाज. मग चायो. म्हणाली, "अपा बाहेर गेले, फेंचो. दुकानवालीला म्हणाले, किती मिनिटं झाली ते बघून घे, पैसे देऊन टाक." मी विचारलं, "आणि काय म्हणाले?" चायो म्हणाली, "काही नाही." मी म्हटलं, "शपथ घे." तेव्हा ती रडली आणि म्हणाली, "ते म्हणाले, माझी कुत्री मेली."

महिना झाला. मी लिहिलं नाही, तुम्हीही नाही. आता लिहितो. चायो, हे सगळं वाच. थांबू नकोस, गाळू नकोस, मध्येच पाणी आणायला उठू नकोस.

नऊ जानेवारी. रात्रभर बर्फ पडून सकाळी ऊन आलं होतं. गिऱ्हाईक फ्लोरिडाचा होता, पोहायचे तलाव बांधून देतो, क्रेग नाव. चौथा दिवस त्याचा, अजून काही मिळालं नव्हतं आणि तो वेंडेलला म्हणत होता, "तीन हजारात मी काय बर्फ बघायला आलो?" वेंडेल तंबाखू चावत होता आणि माझ्यावर ओरडत होता. माग मिळाला. माग बघून मला शंका आली होती. पाऊल लहान. पण वेंडेल म्हणाला, तरुण नर आहे. मी गप्प बसलो. चौथा दिवस होता.

काम्पाना सगळ्यांच्या पुढे. एक अरुंद घळ, तिच्या पलीकडच्या कड्यावर वाकडं जुनं पाइनचं झाड, त्यावर सिंह. मी आधी पोचलो. वेंडेल आणि क्रेग घळीच्या अलीकडच्या काठावर आले, चाळीस पावलांवर, मध्ये वारा. कुत्री झाडाखाली मोकळी, काम्पाना बुंध्यावर दोन पाय टेकवून. दोन तुटक, एक लांब. दोन तुटक, एक लांब. मी वर बघितलं. शेपटीखाली काळा ठिपका नव्हता. आणि पोटाला सड होते, भरलेले, सडांभोवतीचे केस चोखून ओले झालेले. कुठेतरी पिल्लं होती.

अपा, तुम्ही दूध पाजणारीमागे कधी कुत्री सोडली नाहीत. लिबोरियो एकदा म्हणाला होता, वासरू तर तिनेच खाल्लं. तुम्ही म्हणालात, "मग तुम्ही जाऊन भुंका तिच्यावर." मला ते आठवलं. मला सगळं आठवलं, फक्त 'नो' आठवलं नाही. एवढासा शब्द. गाढवालाही जमला असता. मी हात वर केले आणि छाती फुटेपर्यंत ओरडलो, "एंब्रा! एंब्रा!" घाबरल्यावर तोंडातून आपलीच भाषा येते.

मादी, मादी, असं मी ओरडत होतो. वाऱ्यातून वेंडेलला ऐकू गेलं, ओंब्रे. त्याच्या वीस शब्दांत एंब्रा नाही, ओंब्रे आहे. ओंब्रे म्हणजे पुरुष. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "नर आहे. मार."

आणि मी ओरडलो म्हणून निर्धास्त होतो. मादी आहे म्हटल्यावर कोण मारणार? म्हणून मी कुत्री बांधली नाहीत. वाकून रेंजरच्या जागी आणलेल्या नव्या पिल्लाच्या पट्ट्यात बोट घालत होतो, तेवढ्यात बार झाला.

पोटात लागली. मागच्या बाजूला, कमरेजवळ. सिंहीण फांदीवरून सुटली आणि सगळ्या कुत्र्यांच्या मधोमध पडली, जिवंत, मागचे पाय लुळे, पुढचे दोन्ही चालू. नव्या पिल्लाचा चेहरा पहिल्याच फटक्यात गेला. चेहराच, अपा. डोळा, नाक, सगळं एका बाजूला लोंबत होतं आणि ते गोल गोल फिरत होतं. ड्यूक पळाला. काम्पाना कधी जवळ जात नाही. तुम्ही शिकवलंय तिला, दोन हात लांब. त्या दिवशी ती जवळ गेली, कारण सिंहीण माझ्याकडे सरकत होती. ओढत, रक्ताची रेघ काढत, सरळ माझ्या पायांकडे. मी बर्फात बसलेलो, मागे कडा. काम्पानाने तिचा गळा धरला. सिंहिणीने मान वळवली आणि काम्पानाचं अख्खं डोकं तोंडात घेतलं.

तो आवाज मी लिहीत नाही. तुम्ही ओल्या फांद्या मोडल्या आहेत.

मी चाकू काढला आणि सिंहिणीच्या काखेत घातला, एकदा, दोनदा, किती वेळा माहीत नाही, मूठ घसरायला लागली इतकं रक्त. दुसरा हात तिच्या जबड्यात, काम्पानाला सोडवायला. तिने काम्पानाला सोडलं आणि तो हात धरला. उजवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. चायो, म्हणून डाव्या हाताचं अक्षर. सिंहीण माझ्या अंगावरच मेली. कोमट होती. तिचं दूध माझ्या शर्टावर आलं होतं, रक्तात पांढरं.

घळीच्या पलीकडून क्रेग ओरडत होता, "मेला का? मेला का?"

काम्पाना उठायला बघत होती. जबडा राहिला नव्हता, नुसतं लोंबतं मांस. मला वाटलं ती कण्हतेय. मग कळलं, ती भुंकतेय. सिंह खाली पडला होता आणि ती मला सांगत होती की इथे आहे. दोन तुटक आले. लांब आला नाही. पुन्हा दोन तुटक. लांब येत नव्हता. मी तो यायची वाट बघितली, अपा, एवढा वेळ वाट बघायला नको होती. मग मी तिचे डोळे झाकले आणि चाकू घातला. तुम्ही बकरीला घालता तिथे. हात मात्र डावा, म्हणून दोनदा घालावा लागला.

वेंडेल आला. शेपूट उचलून बघितलं, सड बघितले, आणि माझ्या तोंडावर थुंकला. "तू नर म्हणालास!" मी म्हटलं, "एंब्रा म्हटलं मी. एंब्रा!" तो म्हणाला, "तेच तर! ओंब्रे!" मी त्याला सांगितलं, ओंब्रे म्हणजे पुरुष, एंब्रा म्हणजे मादी. तो म्हणाला, "हे तर एकच झालं की." क्रेगला हसू आलं. पोटात गोळी घालणाऱ्या माणसाला हसू आलं. तेव्हापासून मी ओंब्रे. दुकानात टेबलं बडवतात ते यावर. मी तुम्हाला लिहिलं होतं की मर्द म्हणतात.

अजून आहे. चायो, थांबू नकोस.

पिल्लांची आई मारली तर इथे परवाना जातो, कधी तुरुंगही होतो. वेंडेलने माझा हात दोरीने करकचून बांधला आणि म्हणाला, "आता चल." तिचा माग उलटा धरून आम्ही गेलो. अर्ध्या तासावर एका खडकाच्या पोटात तीन होती. मांजरीएवढी, अंगावर ठिपके, डोळे निळे. आईचा वास माझ्या शर्टाला होता, म्हणून पळाली नाहीत. उलट जवळ आली. वेंडेल म्हणाला, "ही भुकेने ओरडत खाली गुरांच्या वाड्यावर उतरतील आणि शिकार खात्याचा साहेब माझ्या दारात येईल. तूच ओरडलास, तूच निस्तर." आणि कुऱ्हाडीचा दांडा माझ्या डाव्या हातात दिला.

मी निस्तरलं. तिसरं माझ्या शर्टाची बाही चोखत होतं.

तुमच्या काठीचा मार मी इतके महिने मनात धरून बसलो होतो. मार काय असतो ते त्या दिवशी मला कळलं.

दुसऱ्या दिवशी कातडं दाखवायला नेलं. सडांची पट्टी वेंडेलने आधीच कापून काढली होती, म्हणाला कुत्र्यांनी फाडली. शिकार खात्याचा साहेब चांगला माणूस होता, त्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग मला विचारलं, "पिल्लं होती का रे?" तेवढी भाषा मला येते. मी म्हटलं, "समजत नाही, साहेब." त्याने हाताने दाखवलं, एवढी एवढी, छोटी. मी म्हटलं, "समजत नाही." माझ्याकडे कागदपत्रं नाहीत, अपा, मला सीमेपार टाकून दिलं असतं, आणि हंगामाचे पैसे बुडाले असते. हे कारण म्हणून लिहीत नाही. काय झालं ते लिहितोय.

गाडीत बसल्यावर वेंडेलने माझ्या खिशात तीन नोटा घातल्या. प्रत्येक पिल्लाचे वीस. "शहाणा आहेस, ओंब्रे," म्हणाला. साठ डॉलर. मी घेतले. खाली पाडले नाहीत. बुटात ठेवले आणि तीन आठवडे त्यांच्यावर चालत होतो.

काम्पानाला कड्यावरच ठेवलंय, त्या पाइनच्या मुळाशी. जमीन गोठलेली होती, खणता आली नाही, दगड रचले. कोल्ह्याला हलणार नाहीत एवढे मोठे आणले. पट्टा माझ्याकडे आहे.

फोनच्या त्या रविवारी, तुम्ही ठेवून दिल्यावर, वेंडेल टेबलाशी पाव खात होता. मला म्हणाला, "काय, म्हातारा खूश झाला का?" मी बूट काढला. तीन नोटा टेबलावर ठेवल्या. काठी नव्हती, म्हणून उरलेल्या बोटांनी एक एक ढकलत कडेला नेल्या आणि खाली पाडल्या. लॉइड म्हणाला, "ए ओंब्रे, पैसे पडले तुझे." मी म्हटलं, "माझे नाहीत." वेंडेलने हंगामाचा हिशोब त्याच वेळी फेकला माझ्यासमोर आणि निघून जा म्हणाला. निघालो. आता खाली एका गोठ्यात गाई पिळतो. तीन बोटांनी पिळता येतात, वेळ लागतो.

पवित्र आठवड्यात मी येतो. चारही पायांवर धडधाकट आणतो असं लिहून दिलं होतं, तो कागद तुमच्याकडे आहे. मी येईन तेव्हा माझ्या हातात पट्टा असेल. तुम्ही काठी घेऊन उंबऱ्यावर उभे राहा. मी तोंडाने सांगेन कुठे आहे ते, म्हणजे नेम चुकणार नाही.

आपल्याकडच्या बाकावी गावचा मोरोयोकी ट्रक घेऊन घरी निघालाय, त्याच्या हाती पाकीट देतोय. चायो, ते टेबलावर ठेव, लिबोरियोने ठेवले होते तिथेच, आणि अपांना सांग किती आहेत. अपा, ही काम्पानाची किंमत नाही. तिची किंमत नव्हती, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. मला ते समजायला एक हंगाम लागला. हे एर्मोसियोच्या डॉक्टरचे आहेत. खाली पाडलेत तर चायो उचलेल आणि पुन्हा ठेवेल, मी तिला तसं सांगितलंय. हंगामाचे आले ते घातले, खोगीर विकलं, बूट विकले. आठशे पुरे करायचे होते. साठ कमी पडतात. ते साठ कुठे पडलेत ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते मी उचलले नाहीत. तर सांग, चायो, नीट मोजून सांग. सातशे चाळीस डॉलर.